गुलाबी हिरा मोडायला काढला तर?

१९५६ साली अमेरिकेतल्या मोंटाना राज्यात राहणाऱ्या वॉरन हॅनकॉक या संग्राहकाने ०.९५ कॅरटचा जांभळट लाल हिरा १३,५०० डॉलरला घेतला. आकार तुरीच्या दाण्याएवढा. हॅनकॉक वारल्यानंतर, १९८७च्या एप्रिलमध्ये, तो न्यूयॉर्कला क्रिस्टीजच्या लिलावात निघाला आणि ८,८०,००० डॉलरला गेला. कॅरटमागे सव्वानऊ लाख डॉलर. तोपर्यंत लिलावात कुठल्याही रत्नाला कॅरटमागे इतके पैसे कुणी मोजले नव्हते.

‘रंगीत हिऱ्यात पैसे टाका’ म्हणणाऱ्यांच्या तोंडी ही गोष्ट हमखास येते, आणि ती खरी आहे. मी पहिल्यांदा ऐकली तेव्हा मलाही भुरळ पडली होती. मग कॅल्क्युलेटर घेऊन बसलो. ३१ वर्षांत ६५ पट, म्हणजे चक्रवाढीने दरसाल साधारण १४.४ टक्के. आता आपला सेन्सेक्स घ्या. १९७९मध्ये १०० धरून सुरुवात झाली, २०२४च्या जुलैत तो ८०,०००वर पोचला. लाभांश न धरता दरसाल सुमारे १६ टक्के. एक हिशोब डॉलरचा, दुसरा रुपयाचा, काळही वेगळा. त्यामुळे दोन्ही एका तराजूत घालू नयेत. पण ऐकताना अचाट वाटलेली कमाई मोजायला घेतली की जमिनीवर येते, एवढं यातून नक्की कळतं. शिवाय हा हिरा गाजला म्हणून आपल्याला माहीत. ज्यांनी त्याच सुमारास दुसरे कुठले रंगीत खडे घेतले आणि पुढे पडत्या भावात विकले असतील, त्यांची गोष्ट कोण कशाला सांगेल?

माझं मत आधीच सांगून टाकतो. रंगीत हिरा दुर्मीळ असतो यात काही खोट नाही. पण वस्तू दुर्मीळ असणं वेगळं आणि हवी तेव्हा विकली जाणं वेगळं. आपल्यासारखा माणूस पाच-पंचवीस लाख घेऊन या बाजारात उतरतो तेव्हा तो नेमका या दोहोंमधल्या फटीत अडकतो. ती फट कशी तयार होते हे समजायला आधी हिऱ्याचा रंग समजून घ्यावा लागतो.

रंग येतो कुठून

निव्वळ शुद्ध हिरा म्हणजे नुसता कार्बन, पाण्यासारखा नितळ. त्यात रंग येतो तो कुठेतरी काहीतरी बिनसल्यामुळे. कार्बनच्या जाळीत नायट्रोजनचे अणू घुसले की पिवळा. बोरॉन घुसला, तोही अगदी नाममात्र, की निळा. असा निळा हिरा चक्क वीज वाहून नेतो, जे बाकीचे हिरे करत नाहीत. २०१८मध्ये प्रसिद्ध झालेल्या एका संशोधनात दिसलं की असे निळे हिरे जमिनीखाली ६६० किलोमीटरपेक्षाही खोल तयार झालेले असावेत आणि त्यातला बोरॉन बहुधा कधीकाळच्या समुद्रतळासोबत खाली गेलेला असावा. सर्वसाधारण हिरे दीडशे-दोनशे किलोमीटरच्या आसपास घडतात. म्हणजे निळा हिरा हा हिऱ्यांतही फार लांबून आलेला पाहुणा.

हिरवा रंग बहुतेकदा किरणोत्साराने येतो. आजूबाजूच्या खडकातल्या किरणोत्सारी द्रव्यांनी लाखो वर्षं हिरा भाजत राहिला की त्याची वरची साल हिरवी होते. अनेकदा ती खरोखरच साल असते. पैलू पाडताना हात जरा जास्त चालला तर रंगच निघून जातो.

गुलाबी आणि लाल मात्र कोडंच आहे. त्यात परका अणू कुणीच नाही. जमिनीच्या पोटात प्रचंड दाबाखाली हिरा पिळवटला जातो, त्याची जाळी वाकते, आणि त्या वाकण्यातून गुलाबी रंग दिसतो. गंमत म्हणजे तपकिरी रंगही बहुतेकदा अशाच पिळवटण्यातून येतो. एकाच खाणीतून, एकाच कारणाने, एक खडा गुलाबी होतो आणि शेकडो तपकिरी. गुलाबी लिलावात जातो. तपकिरीला ‘शँपेन’ आणि ‘कोन्याक’ अशी दारूची नावं देऊन खपवावं लागतं.

एका शब्दाची किंमत

नेहमीच्या पांढऱ्या हिऱ्याचा रंग इंग्रजी डी ते झेड अशा अक्षरांत मोजतात आणि तो मोजताना हिरा पालथा ठेवतात, म्हणजे चमक आड येत नाही. रंगीत हिऱ्याचं उलट. तो उताणा, तोंड वर करून बघतात, कारण इथे समोरून किती रंग दिसतो हाच प्रश्न असतो. या एका फरकामुळे हिऱ्याचा घाटही बदलतो. रंगीत हिरे सहसा गोल का नसतात, चौकोनी किंवा उशीसारखे का असतात? गोल घाट प्रकाश भराभर परत फेकतो आणि रंग फिका पडतो. चौकोनी रेडियंट किंवा कुशन घाटात प्रकाश आत घुटमळतो, रंग गडद होतो. डी ते झेडच्या तळाशी पडलेला पिवळट, कुणी फारसं न विचारणारा खडा नीट घाट देऊन ‘फॅन्सी लाइट यलो’ करणारे कारागीर आहेत. दोष म्हणून भाव पाडणारा पिवळेपणा एका पायरीनंतर गुण म्हणून भाव वाढवतो.

जीआयए या अमेरिकी संस्थेची मोजपट्टी जगभर चालते. तिची प्रयोगशाळा मुंबईतही आहे. फेंट, व्हेरी लाइट, लाइट, फॅन्सी लाइट, फॅन्सी, फॅन्सी इंटेन्स, फॅन्सी व्हिव्हिड अशा चढत्या पायऱ्या, आणि गडद खड्यांसाठी फॅन्सी डीप आणि फॅन्सी डार्क. पुढे रंगाचं नाव येतं आणि तिथे शेवटचा शब्द मुख्य, आधीचे शब्द नुसती झाक. ‘पर्पलिश पिंक’ म्हणजे जांभळट झाक असलेला गुलाबी. ‘पिंकिश ब्राउन’ म्हणजे गुलाबी झाक असलेला तपकिरी. विकणारा ‘पिंक’वर जोर देऊन वाचेल, तुम्ही शेवटचा शब्द वाचा.

या शब्दांनी काय होतं ते २०१६च्या वसंतात अगदी ठळक दिसलं. हॉलिवूडची बालतारका शर्ली टेंपल हिला तिच्या वडिलांनी १९४० साली निळ्या हिऱ्याची अंगठी घेऊन दिली होती. किंमत ७,२१० डॉलर. ९.५४ कॅरटचा तो हिरा तिच्या मृत्यूनंतर एप्रिल २०१६मध्ये न्यूयॉर्कला सदबीज या लिलावगृहात निघाला. अपेक्षा अडीच ते साडेतीन कोटी डॉलरची. हवं तेवढं कुणी बोललंच नाही आणि हिरा न विकता परत गेला. त्यानंतर महिन्याभरात, मे २०१६मध्ये, जिनिव्हात क्रिस्टीजने १४.६२ कॅरटचा ‘ओपनहायमर ब्लू’ काढला. तो ५ कोटी ७५ लाख डॉलरला गेला, त्या वेळच्या दराने पावणेचारशे कोटी रुपयांच्या वर. लिलावात विकल्या गेलेल्या कुठल्याही रत्नासाठी तो तेव्हाचा उच्चांक होता.

दोन्ही निळे, दोन्ही खरे, दोन्ही नामांकित. शर्लीच्या हिऱ्याच्या प्रयोगशाळेच्या अहवालावर ‘फॅन्सी डीप’ होतं, ओपनहायमरच्या ‘फॅन्सी व्हिव्हिड’. वजन, अपेक्षेचा आकडा, त्या दिवशी खोलीत कोण बसलं होतं, हे सगळंही असतंच. पण निळा हिरा वर्षानुवर्षं वधारतोय असं एप्रिलमध्ये वाचून कुणी शर्लीचा हिरा विकायला काढला असता तर त्या वाचनाचा काडीचा उपयोग झाला नसता.

त्या एका शब्दासाठी लोक हिरा पुन्हा घासायलाही तयार होतात. लंडनचे जवाहिर लॉरेन्स ग्राफ यांनी २०१०मध्ये २४.७८ कॅरटचा गुलाबी हिरा सुमारे ४.६ कोटी डॉलरला घेतला. तो ‘इंटेन्स’ होता. कॅरटभराहून थोडं कमी घासून तो २३.८८ कॅरटचा ‘व्हिव्हिड’ झाला. त्याआधी २००८मध्ये त्यांनीच ‘विटेल्सबाख’ नावाचा ३५.५६ कॅरटचा ऐतिहासिक निळा हिरा घेऊन साडेचार कॅरट घासून टाकले होते. संग्रहालयवाल्यांनी तेव्हा डोक्याला हात लावला. हा हिरा भारतातून गेलेला, गोवळकोंड्याच्या मुलखातला.

आता इथवर आलोच आहोत तर सांगतो, जुन्या जगातले नावाजलेले रंगीत हिरे बरेचसे आपल्याच बाजूचे. वॉशिंग्टनमधला ४५.५२ कॅरटचा निळा ‘होप’ कृष्णाकाठच्या कोल्लूरचा मानतात. महाबळेश्वरला उगम पावणारी ही नदी खाली आंध्रात जाते तिथल्या वाळू-गोट्यांत ते सापडत. तेहरानचा फिकट गुलाबी ‘दर्या-ए-नूर’ गोवळकोंड्याचाच. इंदूरच्या होळकरांकडे असलेला २३.२४ कॅरटचा निळा हिरा ‘गोवळकोंडा ब्लू’ म्हणून मे २०२५मध्ये जिनिव्हात लिलावाला लागणार होता. अपेक्षा साडेतीन ते पाच कोटी डॉलर. ऐन वेळी तो लिलावातून मागे घेतला गेला. ‘आपल्या’ हिऱ्यांबद्दलचा हा अभिमान मलाही आहे, फक्त तो गुंतवणुकीच्या वहीत लिहायचा नसतो.

खाण बंद झाली, मग भाव का वाढू नये?

गुलाबी हिऱ्यांबद्दल आज जो सगळ्यात जोरदार युक्तिवाद ऐकू येतो तो एका खाणीवर उभा आहे. पश्चिम ऑस्ट्रेलियाच्या किंबर्ली भागातली आर्गाईल. १९७९मध्ये साठा सापडला, १९८३पासून उत्खनन, आणि ३ नोव्हेंबर २०२० रोजी रिओ टिंटो कंपनीने ती कायमची बंद केली. या काळात तिथून ८६.५ कोटी कॅरटहून अधिक कच्चे हिरे निघाले. जगातले नव्वद टक्क्यांहून जास्त गुलाबी हिरे या एकाच खाणीचे, आणि तरीही खाणीच्या एकूण उत्पादनात गुलाबी खडे ०.१ टक्क्याहून कमी.

उरलेल्या ९९.९ टक्क्यांचं काय झालं? त्यातला मोठा वाटा लहान, तपकिरी, फारसा कुणाला नको असलेला माल होता आणि तो घासायला आपल्याकडे आला. सुरतेच्या कारखान्यांनी बारीक हिऱ्याचं काम जगात कुणी करू शकणार नाही इतक्या स्वस्तात केलं, त्यामागे आर्गाईलचा हा कोंडा होता. गुलाबी दाण्यांची बातमी झाली, कोंड्यावर घरं चालली.

चांगले गुलाबी खडे कंपनी १९८४पासून दरवर्षी एका बंद निविदेत विके. निमंत्रित जवाहिर येत, खडे पाहत, आपापला आकडा पाकिटात घालून देत. वर्षाला पन्नास-साठ खडे, सगळे मिळून एका ओंजळीत मावतील इतके. या निविदांची शेवटची फेरी २०२१मध्ये झाली.

मग युक्तिवाद सोपा आहे: पुरवठा संपला, मागणी आहे, भाव वाढणारच. यात दोन खाचा आहेत. खाण २०२०मध्ये बंद होणार हे बाजाराला काही वर्षं आधीपासून माहीत होतं. जी गोष्ट सगळ्यांना ठाऊक असते ती भावात आधीच मुरलेली असते. उद्याची टंचाई तुम्हाला आजच्या किमतीतच विकलेली असते. दुसरी खाच म्हणजे आर्गाईल संपली तरी गुलाबी हिरे संपले नाहीत. टांझानियात, रशियात, लेसोथोत ते निघतात. जुलै २०२२मध्ये अंगोलातल्या लुलो खाणीत १७० कॅरटचा गुलाबी कच्चा हिरा सापडला. शिवाय आर्गाईलने ३७ वर्षांत विकलेले खडे कुठे गेले? ते लोकांच्या तिजोऱ्यांत आहेत आणि भाव चांगला वाटला की त्यातले काही बाहेर येणार.

उद्या परत आणला तर?

मुंबईत ऑपेरा हाऊसच्या भागात एका ओळखीच्या दलालाच्या कचेरीत मी पहिल्यांदा गुलाबी खडा हातात घेतला. पाव कॅरटचाही नव्हता. त्यांनी कागदाची पुडी उघडली आणि आतल्या फिकट गुलाबी अस्तरावर खडा असा खुलून दिसला की मी ‘वा’ म्हणून गेलो. ते हसले. खडा चिमट्याने उचलून पांढऱ्या कार्डाच्या घडीत ठेवला, टेबलावरचा दिवा बंद केला आणि खिडकीपाशी नेला. “आता बघा साहेब.” रंग होता, पण निम्मा. मघाचा अर्धा गुलाबी कागदाचा होता.

मी विचारलं, “भाऊ, समजा मी हा आज घेतला आणि उद्या सकाळी परत आणला, तर किती देणार?”

“उद्या कशाला आणाल?”

“समजा.”

त्यांनी पुडीच्या घड्या घालता घालता सांगितलं, “मी नाही घेणार. दुसऱ्याला दाखवीन. गिऱ्हाईक मिळालं तर बघू.”

पूर्ण धंदा त्या उत्तरात आहे. सोनं अडीअडचणीला मोडता येतं, कारण एक ग्रॅम सोनं दुसऱ्या एक ग्रॅमसारखंच असतं आणि आजचा भाव कुठल्याही सराफाच्या पाटीवर लिहिलेला असतो. रंगीत हिऱ्याला पाटी नाही. प्रत्येक खडा वेगळा, त्याचं गिऱ्हाईक वेगळं. पांढऱ्या, त्यातल्या त्यात एकसारख्या हिऱ्यांचाही वायदेबाजार आपल्याकडे करून बघितला गेला. इंडियन कमोडिटी एक्स्चेंजने २०१७मध्ये हिऱ्याचे वायदे सुरू केले, २०२२मध्ये सेबीने त्या एक्स्चेंजची मान्यताच काढून घेतली. जिथे पांढऱ्याचं जमलं नाही तिथे एकासारखा दुसरा नसलेल्या गुलाबीचं काय जमणार?

आता आकडे मांडू. हे आकडे कल्पित आहेत, पद्धत खरी आहे. समजा तुम्ही दहा लाखांचा सुटा पिवळा हिरा घेतलात. सुट्या, पैलू पाडलेल्या हिऱ्यावर दीड टक्का जीएसटी, म्हणजे १०,१५,०००. दागिन्यात जडवलेला घेतलात तर तीन टक्के. व्यापारी आपसात तोच खडा सात लाखांना देत-घेत असतील असं धरा. तुम्ही विकायला जाल तेव्हा तुम्हाला व्यापाऱ्याचाच भाव मिळणार. म्हणजे नुसतं मुद्दल सुटायला सात लाखांचे १०,१५,००० व्हावे लागतात, ४५ टक्के वाढ. घाऊक भाव दरसाल सहा टक्क्यांनी वाढला तरी सहा वर्षांहून जास्त काळ तुम्ही फक्त खड्ड्यातून वर येत असता. या काळात ना व्याज, ना लाभांश, ना भाडं.

लिलावात विकू म्हणाल तर बातमीतला आकडा कशाचा असतो ते बघा. तो घेणाऱ्याने मोजलेला एकूण आकडा असतो, त्यात लिलावगृहाची फी मिसळलेली. मोठ्या लिलावगृहांत कमी किमतीच्या वस्तूंवर ही फी गेल्या काही वर्षांत २० ते २७ टक्क्यांच्या दरम्यान राहिली आहे. हातोडा १०० वर पडला तर घेणारा १२५ मोजतो आणि विकणाऱ्याच्या हातात १०० मधून त्याच्या बाजूचं कमिशन वजा होऊन उरतं तेवढं. आणि हातोडा पडला म्हणजे पैसे आले असंही नाही. ५९.६० कॅरटचा ‘पिंक स्टार’ नोव्हेंबर २०१३मध्ये जिनिव्हात ८.३ कोटी डॉलरला ‘विकला गेला’, जगभर मथळे झाले. घेणाऱ्याने पैसे भरलेच नाहीत. लिलावगृहाने विकणाऱ्याला सुमारे सहा कोटींची हमी दिलेली असल्याने हिरा त्यांच्याच गळ्यात पडला. एप्रिल २०१७मध्ये हाँगकाँगला तो पुन्हा काढला तेव्हा ७.१२ कोटी आले. तोही उच्चांकच, पण साडेतीन वर्षं थांबून आणि पहिल्या मथळ्यापेक्षा सुमारे १.२ कोटीने कमी.

खरा कशावरून?

१९८३मध्ये न्यूयॉर्कच्या एका लिलावाआधीच्या प्रदर्शनात कुणीतरी साडेनऊ कॅरटच्या वर वजनाचा गुलाबी हिरा उचलून त्या जागी दुसरा ठेवला. तो होता फिकट पिवळा हिरा, वरून गुलाबी नेलपॉलिश लावलेला. बघणाऱ्याची नजर जरा चोखंदळ असती तर तिथेच कळलं असतं. आता लबाडी इतकी भाबडी राहिलेली नाही.

उच्च दाब आणि उष्णता देऊन काही तपकिरी हिरे बिनरंगी, तर काही गुलाबी किंवा निळे करता येतात. हे तंत्र १९९९मध्ये बाजारात आलं आणि धंद्याची झोप उडाली. किरणोत्सार देऊन हिरा हिरवा करणं तर शंभर वर्षांपूर्वीपासून चालू आहे. हिरव्याचा रंग निसर्गाने दिला की माणसाने, हे कधी कधी चांगल्या प्रयोगशाळेलाही ठरवता येत नाही, आणि मग अहवालावर ‘ठरवता आलं नाही’ असाच शेरा येतो. तसा शेरा असलेला हिरवा खडा नैसर्गिक रंगाच्या भावात घेऊ नये.

प्रयोगशाळेत वाढवलेल्या हिऱ्यांनी तर निसर्गाचं सगळं गणित उलटं केलं. तिथे पिवळा सगळ्यात सोपा, कारण नायट्रोजन हवेतच असतो. उलट त्याला बाहेर ठेवून पांढरा हिरा करायलाच पूर्वी नाकी नऊ येत. निळा हवा तर चिमूटभर बोरॉन. गुलाबी हवा तर वाढवलेल्या हिऱ्यावर किरणोत्सार आणि मग उष्णता. डोळ्यांना फरक कळत नाही, भिंगालाही सहसा नाही. म्हणजे नैसर्गिक रंगीत हिऱ्याची अख्खी जास्तीची किंमत त्या अहवालातल्या एका ओळीवर उभी आहे: हिरा नैसर्गिक, रंगही नैसर्गिक. अहवाल जुना असेल तर पुन्हा तपासून घ्यावा, त्याचा क्रमांक संस्थेच्या संकेतस्थळावर टाकून बघावा, आणि हिऱ्याच्या कंबरेवर, म्हणजे मधल्या कडेवर, लेझरने कोरलेला क्रमांक असेल तर तो भिंगातून जुळवावा. दुकानाने स्वतः छापलेलं सोनेरी किनारीचं प्रमाणपत्र म्हणजे दुकानाचंच व्हिजिटिंग कार्ड.

एक गोष्ट अहवालात कधीच नसते, ती म्हणजे किंमत. ती जागा मग विकणारा भरतो. इटलीत २०१७मध्ये तिथल्या स्पर्धा नियामकाने गुंतवणुकीचे हिरे विकणाऱ्या दोन कंपन्यांना आणि त्यांचा माल आपल्या शाखांतून खपवणाऱ्या काही बँकांना मिळून दीड कोटी युरोंहून जास्त दंड केला. हिरे खरे होते, आणि रंगीतही नव्हते. फसवणूक भावात होती. अर्थविषयक वर्तमानपत्रांत बाजारभावासारखे दिसणारे जे तक्ते छापून येत ते प्रत्यक्षात त्या कंपन्यांनी स्वतःच ठरवलेले, पैसे देऊन छापून घेतलेले भाव होते. लोक दर तिमाहीला तो तक्ता बघून खूश होत. विकायला गेले तेव्हा कळलं. ब्रिटनमध्ये रंगीत हिऱ्यांसाठी फोनवरून गिऱ्हाइकं पकडणाऱ्या कंपन्या निघाल्या; निवृत्तांना अव्वाच्या सव्वा भावात खडे विकले गेले आणि सरकारी दिवाळखोरी खात्याला न्यायालयात जाऊन अशा कंपन्यांना टाळं लावावं लागलं. रंगीत हिऱ्यांचे निर्देशांकही असतात, पण निर्देशांक वर गेला म्हणजे तुमचा खडा त्या भावाने कुणी घेईल असं नाही.

तरीही घ्यायचाच असेल तर

घेऊ नका असं मी म्हणणार नाही. ज्याच्याकडे घर आहे, विमा आहे, मुलांच्या शिक्षणाची तजवीज आहे आणि सुंदर वस्तूचा षौक आहे, त्याने हौसेला घ्यावा. पैसे परत आले तर नफा समजावा. आणि घेताना मोठा पण रंगाला फिका खडा घेण्यापेक्षा लहान पण रंगाला चोख घ्यावा, कारण इथे नितळपणापेक्षा रंगाला किंमत आहे. तपकिरी किंवा करडी झाक असलेला स्वस्त मिळतो आणि विकतानाही तितकाच स्वस्त जातो.

आपल्याकडचे व्यवहारही लक्षात ठेवा. सेबी या खरेदीवर देखरेख करत नाही. तक्रार ग्राहक न्यायालयात किंवा पोलिसांत. दोन लाखांपुढच्या खरेदीला पॅन लागतो आणि तेवढी रोकड घेणं विकणाऱ्याला कायद्याने मना आहे, त्यामुळे ‘रोख द्या, कमी लावतो’ म्हणणाऱ्याकडे पाठ फिरवावी. प्राप्तिकर कायद्याच्या लेखी सुटा खडाही दागिन्यातच मोडतो: दोन वर्षांहून जास्त ठेवून विकला तर नफ्यावर साडेबारा टक्के कर, त्याआधी विकला तर तुमच्या नेहमीच्या टप्प्याप्रमाणे.

आणि लॉकर. बँकेच्या लॉकरमध्ये ठेवला म्हणजे निर्धास्त, असं आपण धरून चालतो. रिझर्व्ह बँकेच्या २०२२पासून लागू असलेल्या नियमानुसार चोरी, आग किंवा कर्मचाऱ्याची लबाडी झाली तर बँकेची जबाबदारी वार्षिक भाड्याच्या शंभर पटीपर्यंतच. भाडं चार हजार असेल तर चार लाख. पंचवीस लाखांच्या खड्याचा विमा वेगळा काढावा लागतो आणि त्याचा हप्ता वर मांडलेल्या हिशोबात दरवर्षी मिळवावा लागतो.

त्याच लॉकरमध्ये, पुडीच्या शेजारी, मूळ अहवाल, बिल आणि ज्याच्याकडून घेतला त्याचा पत्ता एका पाकिटात घालून ठेवा आणि घरात कुणाला तरी सांगून ठेवा. हॅनकॉकच्या माघारी लोकांना त्याच्या हिऱ्याची किंमत माहीत होती. आपल्या माघारी मुलांना लॉकरमध्ये घड्या घातलेला कागद सापडेल, आत मसुरीएवढा फिकट गुलाबी खडा असेल, आणि आजीच्या तुटलेल्या कुडीतला असेल म्हणून ती तो कागद पुन्हा तसाच मिटून ठेवतील.